कोणापैकी? : मुक्कामाच्या चौकशीचा इतिहास

परक्या माणसाला आपल्या घरात रात्रीपुरती जागा द्यायची झाली, की घरधनी त्याची चौकशी करतो. यात वावगे काही नाही. घरात बायकामुले असतात, चीजवस्तू असते. येणारा माणूस कोठून आला, किती दिवस राहणार, पैसे कसे देणार, हे विचारणे घरधन्याला भागच असते. परंतु आपल्याकडे या चौकशीत आणखी एक प्रश्न पूर्वापार मिसळलेला आहे. तो कधी उघड विचारला जातो, तर कधी आडनाव आणि गाव विचारून आडवळणाने त्याचे उत्तर काढले जाते. ‘आपण कोणापैकी?’ हा तो प्रश्न. या प्रश्नाला चोराचिलटांच्या भयाशी काही देणेघेणे नाही. त्याचा इतिहास वेगळा आहे आणि तो आपल्या समाजाने अंगावर सोसलेला आहे.

आज हा इतिहास पुन्हा पाहण्याचे कारण असे की, राहत्या घरातील एखाददुसरी खोली चार दिवसांसाठी भाड्याने देण्याचा व्यवसाय गेल्या काही वर्षांत सर्वत्र वाढला आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात २००८ साली सुरू झालेली एअरबीएनबी ही कंपनी त्यातली सर्वांत प्रसिद्ध. कोकणात, गोव्यात, पुण्यामुंबईत अशी घरे पुष्कळ आहेत. पाहुणा फोनवरून विनंती पाठवतो, घरमालक त्याचे नाव वाचतो आणि होकार किंवा नकार कळवतो. समोरासमोर बोलणे होत नाही. प्रश्न तोंडाने विचारावा लागत नाही, कारण नावातच त्याचे उत्तर शोधता येते.

आपल्या संस्कृतीत अतिथीला देव मानतात, असे आपल्याला शाळेपासून ऐकवले जाते. पण हा अतिथी कोण, याची व्याख्या धर्मशास्त्राने मोकळी सोडलेली नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात एकच रात्र राहणारा ब्राह्मण तो अतिथी, अशी व्याख्या आहे. ब्राह्मणाच्या घरी आलेला क्षत्रिय अतिथी ठरत नाही. वैश्य आणि शूद्र आले तर त्यांना दया म्हणून नोकरांबरोबर जेवू घालावे, असे सांगितले आहे. चांडाळाचा प्रश्न तर तेथे उद्भवतच नाही. त्याची वस्ती गावाबाहेर आणि रात्री त्याने गावात फिरावयाचे नाही, ही व्यवस्था दहाव्या अध्यायात आहे. ज्याने रात्री गावात पाऊलच टाकावयाचे नाही, तो मुक्काम कोठे मागणार? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला, तेव्हा पाहुणचाराची ही व्याख्याही त्याच ज्वाळांत होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढे व्यापाऱ्यांनी व संस्थानिकांनी पुण्यासाठी धर्मशाळा बांधल्या. धर्मशाळा म्हणजे सर्वांसाठी, असा भाबडा समज आहे. प्रत्यक्षात पुष्कळ धर्मशाळा जातीच्या होत्या, आणि ज्या सर्वांच्या म्हणविल्या जात त्यांच्या ‘सर्वां’मध्ये आपण नव्हतो. पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांत आपली माणसे शेकडो वर्षे होती. चोखोबांची समाधी महाद्वाराशी आहे. पण दर्शनाला आलेल्या महार वारकऱ्याने पाठ टेकावी कोठे? गाडगेबाबांनी तेथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, ती ह्याच गरजेतून. पुढे ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. देवाच्या गावात देवाच्या भक्तांसाठी वेगळे छप्पर उभारावे लागले, यातच सर्व काही आले.

बाबासाहेबांनी प्रवासातील अपमानांच्या आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या होत्या. त्या त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत, १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाल्या. आमच्या मते मुक्कामाच्या चौकशीचा इतिहास म्हणूनच त्या वाचल्या पाहिजेत. १९०१ साली लहानगा भीम भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटण्यासाठी कोरेगावला निघाला. मसूर स्थानकावर ही मुले उतरली. अंगावर स्वच्छ, नीटनेटके कपडे होते. स्टेशनमास्तरने आपुलकीने विचारपूस केली, आणि आम्ही महार आहोत असे उत्तर मिळताच त्याचा चेहरा बदलला. कपडे तेच, मुले तीच, एका शब्दाने सारे फिरले. कोणी गाडीवान त्यांना घेईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण कबूल झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण बाजूने पायी चालावे, या अटीवर. रात्री जकात नाक्यावर पाणी मागताना गाडीवानाच्या सल्ल्याने मुलांनी आपण मुसलमान असल्याचे सांगितले. तरीही पाणी मिळाले नाही. खरे उत्तर दिले तर वाहन नाही आणि खोटे दिले तरी पाणी नाही, ही त्या चौकशीची तऱ्हा.

सोळा वर्षांनी, १९१७ साली, हाच मुलगा कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याला उतरला. हिंदूंच्या खाणावळींत आपल्याला कोणी घेणार नाही, हे तो जाणून होता. म्हणून त्याने पारशांची धर्मशाळा गाठली. पारशी धर्म अस्पृश्यता मानत नाही, तेव्हा तेथे जागा मिळेल असा त्याचा हिशेब होता. रखवालदाराने जागा दाखवली आणि नोंदवही घेऊन तो वर आला. पाहुण्याने कोट काढलेला होता. अंगात सदरा नाही, कमरेला कस्ती नाही. म्हणजे पारशी नव्हे. चौकशी झाली. ही जागा फक्त पारशांसाठी आहे, असे रखवालदाराने सांगितले. शेवटी पाहुण्याने पारशी नाव घ्यावे, ते वहीत लिहावे आणि रोजचा दीड रुपया द्यावा, असे ठरले. धर्मशाळेत दुसरे गिऱ्हाईक नव्हते. रखवालदाराला पैसे हवे होते, पाहुण्याला छप्पर.

अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेली डझनभर माणसे जिना चढून आली. तुझ्यामुळे धर्मशाळा बाटली, संध्याकाळपर्यंत चालता हो, असे त्यांनी सुनावले. आठ दिवसांची मुदत मागितली, तीही नाकारली. एका हिंदू स्नेह्याने सांगितले की, तू माझ्या घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा स्नेही ख्रिस्ती होता. त्याने बायकोला विचारून सांगतो म्हटले, आणि ते दांपत्य मूळचे ब्राह्मण होते हे बाबासाहेबांना ठाऊक होते. उरलेले तास कामाठी बागेत बसून काढले आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईस परतले.

ही हकीकत आपल्याकडे अनेकदा सांगितली जाते, डोळ्यांत पाणी आणून सांगितली जाते. परंतु तिच्यातील एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. या पाहुण्याची दहा दिवसांची वर्तणूक समोर होती. त्याने पैसे दिले होते. त्याने कोणाला त्रास दिल्याची तक्रार नव्हती. दिवसा कचेरीत काम आणि रात्री धर्मशाळेच्या अंधारात एकटेपणा, असा त्याचा क्रम होता. घरधन्याला पाहुण्याविषयी जे जाणून घ्यावयाचे असते, ते सारे कळून चुकले होते आणि ते सारे त्याच्या बाजूचे होते. काठ्या घेऊन आलेल्यांना त्यातले काहीच नको होते. त्यांना एकच उत्तर हवे होते आणि ते त्यांना मिळाले होते. पाहुण्याने खोटे नाव लिहिले, हा आक्षेप कोणी घेईल. पण खरे नाव लिहिले असते तर पहिली रात्रही मिळाली नसती. ज्या वहीत खरे लिहिल्यावर दार बंद होते, ती वही खोटे लिहायला लावते.

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या १९६३ सालच्या संग्रहातील त्याच नावाची कथा याच जागेवर उभी आहे. नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण जात लपवून राहतो आणि ती उघडी पडल्यावर मार खातो. बडोद्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने, घटना लागू झाल्यानंतर, ही कथा लिहिली गेली. चोरी कोणी कोणाची केली, हा प्रश्न त्या शीर्षकाने मराठी वाचकापुढे ठेवला.

आता कायद्याकडे वळू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने संमत केला. सीताराम केशव बोले यांच्या या ठरावाच्या आधारे महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले आणि त्यातूनच २० मार्च १९२७ चा सत्याग्रह झाला, हे सर्वांस ठाऊक आहे. पण सार्वजनिक पैशातून बांधलेल्या पाणवठ्यांबरोबर व विहिरींबरोबर त्या ठरावात धर्मशाळांचाही उल्लेख होता. आपण पाणी लक्षात ठेवले, धर्मशाळा विसरलो. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ सालीच सार्वजनिक इमारती, धर्मशाळा व पाणवठे यांत विटाळ पाळू नये असा हुकूम काढला होता. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेब उतरले ते सरकारी डाकबंगल्यात. गावातील खाजगी दारांपेक्षा सरकारचे छप्पर आपल्याला जवळचे वाटत आले, ते उगाच नव्हे.

परंतु खरा प्रश्न खाजगी घराचा आहे. धर्मशाळा सार्वजनिक, डाकबंगला सरकारी. ‘माझ्या घरात कोणाला घ्यावे हे मी ठरवीन’ असे म्हणणाऱ्या माणसाचे काय? याचे उत्तर शोधण्यासाठी घटना समितीतील २९ नोव्हेंबर १९४८ ची चर्चा पाहावी. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे सांगणारे कलम त्या दिवशी चर्चेस होते. तेच आजचे १५ वे कलम. ‘दुकान’ या शब्दात धोब्याचे वा न्हाव्याचे दुकान येते काय, अशी विचारणा झाली. बाबासाहेबांनी स्पष्टीकरण दिले ते असे की, हा शब्द व्यापक अर्थाने वापरला आहे. सेवेच्या अटी मान्य असलेल्या कोणालाही जो सेवा देऊ करतो, तो त्यात येतो. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात याच स्पष्टीकरणाचा आधार घेऊन शब्दाचा अर्थ रुंद ठेवला.

या विवेचनाचे मर्म आमच्या समजुतीप्रमाणे असे आहे : आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना घरी बोलावणे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ज्या क्षणी घरधनी दारावर भाड्याचा दर लावून साऱ्या जगाला ‘या’ म्हणतो, त्या क्षणी त्या खोलीपुरते त्याचे घर दुकान होते. दुकान मांडावयाचे आणि गिऱ्हाईक निवडताना मात्र सोवळे नेसावयाचे, हे दोन्ही एकदम चालणार नाही. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात हॉटेल या शब्दाच्या व्याख्येत निवासाची भाडोत्री जागाही धरली आहे. १९७६ साली हाच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. त्याचे बारावे कलम विशेष महत्त्वाचे आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत या कायद्याखालील गुन्ह्याचे कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करावे. नाकारणारा माणूस खरे कारण कधी बोलत नाही, हे कायदा करणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. पण आज ‘त्या तारखांना खोली रिकामी नाही’ एवढे एक वाक्य पुरते. नकार मिळाला हेच जेथे पाहुण्याला पटवता येत नाही, तेथे कलम पुस्तकात राहते.

असाच अनुभव अमेरिकेतील काळ्या समाजाचा आहे. १९७२ साली दलित पँथर स्थापन करणाऱ्या आपल्या तरुणांनी ज्यांच्याकडून नाव घेतले, त्या समाजाचा. तेथे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणाऱ्या टपालवाल्याने १९३६ पासून काळ्या प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका छापली. ‘ग्रीन बुक’ या नावाने ती तीस वर्षे निघत राहिली. कोणत्या गावात कोणते हॉटेल काळ्यांना घेते हे तीत असे, आणि जेथे एकही हॉटेल घेत नसे तेथे आपल्या राहत्या घरातील खोली रात्रीपुरती भाड्याने देणाऱ्या काळ्या कुटुंबांचे पत्तेही असत. आपल्याकडे असे पुस्तक नव्हते. आपल्या प्रवाशाच्या खिशात एका चिठ्ठीवर परगावच्या वस्तीतील कोणा नातलगाचे नाव असे, आणि दहा बाय दहाच्या चाळीतल्या खोलीत आधीच्या आठ माणसांत नववा सामावून घेतला जाई. सोलापुरात १९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृह काढले, तेही अशाच निवाऱ्याच्या कामाचा भाग होते.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने तेथील हॉटेलांना वर्णभेद करण्यास बंदी केली. पण एक फट ठेवली. मालक स्वतः राहत असलेल्या आणि भाड्याच्या पाचांहून अधिक खोल्या नसलेल्या घराला त्या बंदीतून सूट दिली. मिसेस मर्फी या काल्पनिक घरमालकिणीच्या नावाने ही सूट ओळखली जाते. घरगुती मुक्कामाचा धंदा इंटरनेटवर आला तेव्हा या फटीचे मोठे भगदाड होते की काय, हे तपासण्याची वेळ आली. हार्वर्डच्या तीन संशोधकांनी २०१५ साली पाच अमेरिकन शहरांतील एअरबीएनबीच्या घरमालकांना सुमारे ६,४०० विनंत्या पाठवल्या. मजकूर सारखाच, फक्त नावे वेगळी. गोरी वाटणारी नावे होती तेथे सुमारे ५० टक्के होकार आले. काळ्या समाजाची वाटणारी नावे होती तेथे सुमारे ४२ टक्के. या बोभाट्यानंतर कंपनीने भेदभावविरोधी धोरण जाहीर केले आणि २०१८ पासून होकार मिळेपर्यंत पाहुण्याचा फोटो मालकाला न दाखवण्याचे ठरवले. ऑरेगन राज्यातील पाहुण्यांच्या बाबतीत २०२२ पासून होकारापूर्वी पूर्ण नावाऐवजी आद्याक्षरे दाखवली जाऊ लागली.

आद्याक्षरांचा हा उपाय वाचून आपल्याला १९२९ ची चेंगलपट्टूची स्वाभिमान परिषद आठवते. पेरियारांच्या त्या परिषदेने नावामागची जातिवाचक पदवी टाकून देण्याचे आवाहन केले होते. परंतु नाव झाकले म्हणजे प्रश्न मिटतो काय? नंतरच्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले की, पाहुण्याविषयी पूर्वीच्या एखाद्या घरमालकाने लिहिलेला अभिप्राय समोर असला की होकारातील तफावत नाहीशी होते. म्हणजे तेथील पुष्कळ नकार अज्ञानातून येतात. माणसाविषयी काही माहीत नसते तेव्हा मालक वर्णावरून अंदाज बांधतो, माहिती मिळाली की अंदाज मागे पडतो. हे आशादायक आहे. पण बडोद्याची धर्मशाळा ध्यानात घ्या. तेथे दहा दिवसांचा अभिप्राय तयार होता आणि तो उपयोगी पडला नाही. विटाळाची कल्पना अज्ञानावर जगत नाही. ती माणसाला पुरते ओळखूनही त्याला बाहेर काढते. म्हणून केवळ माहिती वाढवून आपला प्रश्न सुटेल, असे मानता येत नाही. धर्माने दिलेली ती कल्पनाच उपटावी लागेल.

दीर्घ मुदतीच्या भाड्याची स्थिती याहून निराळी नाही. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व लगतच्या शहरांत केलेली पाहणी २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आली. भाड्याचे घर मागणाऱ्या सवर्णापेक्षा दलिताला आणि दलितापेक्षाही मुसलमानाला अधिक नकार मिळतो, आणि फोनवरचा होकार प्रत्यक्ष भेटीत पुष्कळदा विरतो, असे तीत दिसून आले. अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरवला. बडोद्याच्या त्या जिन्यापासून हे अंतर किती, हे वाचकांनीच मोजावे.

‘पण सुरक्षिततेचे काय?’ असे घरमालक विचारतील. एकट्या राहणाऱ्या बाईने परक्या पुरुषाला खोली देताना दहा गोष्टी विचाराव्यात, यात आम्हाला मुळीच शंका नाही. प्रश्न इतकाच की, जन्म विचारून सुरक्षितता मिळते काय? हा प्रयोग या देशात एकदा राज्यकर्त्यांनीच करून पाहिला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच चोर ठरवले. १९५२ साली तो रद्द होईपर्यंत पारधी, कैकाडी अशा जमातींच्या पिढ्यान्पिढ्या हजेरी देत आणि तारेच्या कुंपणात राहत खपल्या. त्याने चोऱ्या थांबल्या नाहीत. फक्त निरपराध माणसे गुन्हेगार ठरली. त्यांच्या वारसांना आजही कोणी सहजी खोली देत नाही.

तेव्हा चौकशी करावी, पण ती येणाऱ्याच्या वागण्याची असावी, त्याच्या जन्माची नसावी. जे एकाला विचारावयाचे ते सर्वांना विचारावे. सरकारी ओळखपत्र पाहावे, ते खोली दिल्याचे ठरल्यावर पाहावे; नाव वाचून ठरवण्यासाठी नव्हे. घराचे नियम आधी सांगावेत आणि मोडले तर निघून जाण्यास सांगावे. ‘शाकाहारी कुटुंबांनाच’ ही अट लावताना आपण स्वयंपाकघर सांभाळतो आहोत की जात, हे प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे तपासावे.

हे सारे सवर्ण घरमालकांना उद्देशून लिहिले आहे, असे समजून कोणी समाधानाने पान उलटू नये. बाबासाहेबांच्या चळवळीमुळे आणि शिक्षणामुळे आज आपल्यातही घरमालक झाले आहेत. कोणाचे शहरात दोन खोल्यांचे वरचे मजले आहेत, कोणाचे गावी नवे घर आहे, आणि तीही भाड्याने दिली जातात. त्या दारावर उद्या एखादा पारधी, एखादा मातंग, एखादा मुसलमान पाठीवर पिशवी घेऊन उभा राहील. त्याला आपण काय विचारणार? कामाठी बागेतल्या त्या संध्याकाळचा वारसा आपण सांगतो. तो सांगण्याचा अधिकार आपल्याला आपल्या दुःखामुळे मिळालेला आहे. पण तो आपल्याकडे टिकतो की नाही, हे आपल्या दारात ठरेल.